पाडण्याआधी मोजून ठेवा: वासिंद ते कसारा पट्ट्यातल्या स्टेशनांविषयी खुले पत्र

प्रति,
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, मुंबई विभाग, मध्य रेल्वे
आणि वासिंद ते कसारा मार्गावरील ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य

महोदय,

कल्याण–कसारा तिसऱ्या मार्गिकेचे काम सुरू आहे. आसनगावपर्यंतची चौथी मार्गिकाही मंजूर प्रकल्पांच्या यादीत आहे. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा इथून रोज पहाटे मुंबईकडे निघणाऱ्यांना या मार्गिका हव्याच आहेत आणि त्यांच्या आड येण्याचा आमचा विचार नाही. आमचे म्हणणे कामाच्या क्रमाबद्दल आहे. नवी मार्गिका आली की यार्ड बदलते, केबिन जाते, प्लॅटफॉर्म सरकतो, कर्मचाऱ्यांची जुनी चाळ पडते, मोरी रुंद होते. हे होण्याआधी प्रत्येक स्टेशनाची मापे, छायाचित्रे आणि कागद एकदा नोंदवून घ्यावेत. एका लहान स्टेशनाला चार माणसे आणि तीन दिवस पुरतात. प्रकल्पाच्या खर्चात हा आकडा दिसणारही नाही.

ठाण्याचे कौतुक पुष्कळ झाले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. त्यापुढचा प्रवास मात्र कोणी सांगत नाही. १ मे १८५४ ला रूळ कल्याणला पोचले, १ ऑक्टोबर १८५५ ला वासिंदला पोचले आणि तिथे थांबले. आसनगावपर्यंतचा पुढचा जेमतेम सहा किलोमीटरचा तुकडा उघडायला १८६० साल उजाडले. कसारा १ जानेवारी १८६१ ला जोडले गेले आणि घाट चढून गाडी इगतपुरीला पोचली ती १ जानेवारी १८६५ ला. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ जीआयपी रेल्वेचे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे मध्य रेल्वेची पूर्वज) नाशिकच्या बाजूचे टोक वासिंद होते, आणि नंतरची चार वर्षे कसारा. वरच्या मुलखातला माल आग्रा रस्त्याने थळ घाट उतरून बैलगाड्यांतून इथवर यायचा आणि इथे वाघिणीत चढायचा. बोर घाटाखाली खोपोलीने हेच काम केले आणि खोपोलीचे नाव निदान रेल्वेच्या इतिहासात येते. वासिंदच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

आता मुद्दा तारखांचा. स्टेशनावर इतिहासाचा फलक लावायचा ठरला की कोणीतरी मार्ग उघडल्याची तारीख शोधतो आणि तीच स्टेशनाची म्हणून लिहून मोकळा होतो. गावाच्या स्टेशनाला किमान चार तारखा असतात आणि त्या क्वचितच जुळतात. मार्गाच्या त्या तुकड्यावरून पहिली गाडी गेली ती पहिली. त्या जागी गाडी प्रवाशांसाठी थांबू लागली ती दुसरी. आज उभी असलेली इमारत बांधली ती तिसरी. आणि थांबा, ब्लॉक स्टेशन (जिथून गाडीला पुढच्या टप्प्यात जायची परवानगी मिळते ते) किंवा पूर्ण स्टेशन असा दर्जा बदलला ती चौथी. वासिंदला पहिल्या दोन तारखा एकच मानता येतात, कारण तिथे मार्गच संपत होता. शेवटच्या ठिकाणी गाडी थांबणारच. टिटवाळा किंवा खडवली १८५५ च्या तुकड्यावर आहेत म्हणून ती स्टेशनेही १८५५ चीच, असे म्हणता येत नाही. आटगाव आणि खर्डीचेही तसेच. दोन ब्लॉक स्टेशनांमधले अंतर जास्त झाले की गाड्यांची संख्या वाढवता येत नाही, म्हणून मध्ये एखादे स्टेशन नुसत्या सिग्नलसाठी घातले जाते. तिथे गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, उतरतात, मग पाड्यावरची माणसे उतरू लागतात, आणि तिकीट खिडकी येते ती कितीतरी वर्षांनी. अशा जागेची ‘स्थापना’ कोणती धरायची हे फलक लिहिणाऱ्याने आधी ठरवावे.

तिसरी तारीख, म्हणजे इमारतीची, कागद नसला तरी बऱ्याच अंशी इमारतच सांगते. छपरापासून सुरुवात करावी. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली काढला. त्यामुळे ज्या इमारतीवर मूळचे मंगलोरी छप्पर आहे ती १८५५ किंवा १८६१ ची असू शकत नाही. एक तर इमारत नंतरची आहे किंवा छप्पर तरी बदलले आहे. यांतले कोणते खरे, ते भिंतीच्या माथ्यावर कळते: आधी देशी नळीची कौले असतील तर वाशांची खोबण, उतार आणि अंतर वेगळे असते आणि नवा सांगाडा बसवताना भिंतीत भर घातलेली दिसते. कौल उलटे करून पाहावे. मागच्या बाजूला कारखान्याचे नाव आणि ठसा असतो. एकच कौल पाहून निष्कर्ष काढू नये, कारण दर पावसाळ्याआधी फुटकी कौले बदलली जातात आणि एका छपरावर चार कारखान्यांची कौले सापडणे नेहमीचे आहे. ज्या ठशाची कौले सर्वात जास्त आणि आढ्याजवळ सलग आहेत, ती मूळ छपराची असण्याचा संभव जास्त.

दुसरा साक्षीदार म्हणजे प्लॅटफॉर्मवरच्या शेडचे खांब. मार्गातून काढलेले जुने रूळ उभे करून त्यांवर पत्रे टाकायची रीत सगळीकडे होती. रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव, रुळाचे वजन किंवा छेदाचा प्रकार आणि घडल्याचे वर्ष उठावात असते. महिना बऱ्याचदा नुसत्या रेघांनी दाखवलेला असतो. वरचा तैलरंग चाळीस थरांचा झाला की अक्षरे बोटाला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत. ग्राइंडर लावू नये, उठाव घासला जातो. पातळ कागद धरून वर मेणखडू किंवा मऊ पेन्सिल आडवी घासली की अक्षरे उतरतात. या वर्षाचा अर्थ मात्र जपून लावावा. ते रूळ घडल्याचे वर्ष आहे, शेडचे नाही. रूळ आधी मार्गात झिजला, मग खांब झाला. म्हणजे शेड त्या वर्षानंतरची, एवढेच सिद्ध होते. टाटांच्या जमशेदपूर कारखान्यात पोलाद तयार होऊ लागले १९१२ साली. त्यांच्या नावाचा खांब असलेल्या शेडला कोणी एकोणिसाव्या शतकातली म्हणत असेल तर तिथेच थांबवावे. दोन्ही कडांना सारखाच जाड माथा असलेला रूळ खांब म्हणून सापडला तर तो कापू देऊ नये. बिडाच्या खुर्च्यांत (रूळ धरून ठेवणाऱ्या बैठकांत) बसवायचे ते दुतोंडी रूळ जुन्या काळातले, आणि आता ते खांब-कुंपणातच उरले आहेत.

लोखंडी वस्तूंवरची अक्षरेही कालखंड सांगतात. जीआयपीचा कारभार सरकारने १९२५ साली हाती घेतला, तरी नाव तेच राहिले. मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला. जीआयपीची अक्षरे असलेला वजनकाटा, पाण्याची टाकी, बाकाचा बिडाचा पाय किंवा हद्दीचा दगड त्याआधीचा.

प्लॅटफॉर्मची उंची हा तर चालता-बोलता पुरावा. जुने प्लॅटफॉर्म रुळाच्या पातळीपासून फारसे उंच नसत. लोकलसाठी ते वाढवावे लागले, आणि फटीत पडून होणाऱ्या अपघातांनंतर मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ९०० मिलिमीटरच्या पुढे नेले गेले. पण प्लॅटफॉर्म वर गेला तरी इमारत जागेवरच राहते. त्यामुळे स्टेशन मास्तरांच्या खोलीत शिरताना पायरी उतरावी लागते, जोत्याची दगडी कड अर्धी पुरली जाते, जोत्यातली हवेची भोके बुजतात. नेमक्या याच कारणाने पावसाळ्यात ओल भिंतीत चढते आणि मग ‘इमारत जुनी झाली, पाडा’ असा शेरा येतो. पुरलेली जोत्याची कड कुठवर आहे हे एका कोपऱ्यात अर्धा मीटर खणून मोजले आणि रुळाच्या पातळीशी ताडले, तर मूळ प्लॅटफॉर्मची उंची सेंटिमीटरपर्यंत काढता येते. हे माप प्रत्येक स्टेशनाचे घ्यावे. प्लॅटफॉर्म पुन्हा उंचावताना इमारतीच्या बाजूला चर आणि जाळी ठेवली तर ओलीचा अर्धा त्रासही जाईल.

मार्ग दुहेरी झाला तेव्हा काय घडले, हे मोऱ्यांच्या पोटात लिहिलेले आहे. दगडी कमानीच्या मोरीखाली उभे राहून वर पाहिले की कमान एकसंध आहे की मध्ये सरळ उभा सांधा आहे ते दिसते. सांधा असेल तर मूळ मोरी एका मार्गापुरती होती आणि दुसऱ्या मार्गासाठी तिला जोड दिली. दोन्ही भागांतला दगड, घडाई आणि चुन्याचा रंगही वेगळा असतो. तिसऱ्या मार्गिकेसाठी याच मोऱ्यांना आता काँक्रीटची जोड मिळते आहे किंवा त्या बदलल्या जात आहेत. जोड दिली की जुनी दर्शनी भिंत कायमची झाकली जाते. त्यामुळे दोन्ही तोंडांची आणि आतल्या सांध्याची छायाचित्रे जोड देण्याआधीच घ्यायला हवीत. सोबत मोरीचा क्रमांक लिहावा, कारण क्रमांकात किलोमीटर असतो आणि पुढच्या शंभर वर्षांत जागा ओळखायची तर तोच उपयोगी पडतो.

कागदांकडे वळू. आम्हाला सर्वात जास्त काळजी त्यांचीच आहे. दगड भंगारवाल्याला जड पडतो, रद्दी हलकी जाते.

पहिला कागद म्हणजे जमिनीचा नकाशा, ज्याला आपल्या अभियांत्रिकी शाखेत लँड प्लॅन म्हणतात. रेल्वेने कुठे किती रुंद जमीन घेतली हे त्यावर असते. साध्या मार्गाला अरुंद पट्टा पुरतो. स्टेशनाला तो फुगतो आणि मार्ग संपतो तिथे आणखी फुगतो, कारण इंजिन फिरवायला, पाणी भरायला, डबे उभे करायला आणि बैलगाड्या लावायला जागा लागतेच. वासिंद आणि कसारा या दोन्ही ठिकाणचा असा फुगवटा नकाशावर मोजला आणि आजच्या यार्डावर ठेवला, तर टर्मिनसच्या काळातल्या सोयी कुठे होत्या याचा अंदाज बांधता येईल, आणि खोदकामात एखादा गोल दगडी पाया लागला तर तो कशाचा हे जागेवरच ओळखता येईल. नकाशा वाचताना एक सापळा आहे. मोजमाप ‘साखळी’त दिलेले असते आणि साखळ्या दोन: जमीन मोजणीची ६६ फुटांची आणि अभियंत्यांची १०० फुटांची. खालच्या पट्टीवरून कोणती ते ठरवल्याशिवाय एकही माप मीटरमध्ये बदलू नये. नाहीतर सगळे यार्ड दीडपट लांब निघते.

दुसरा कागद स्टेशनाच्या कामकाजाचे नियम, म्हणजे एसडब्ल्यूआर. नवी प्रत आली की जुनी रद्द होते, आणि रद्द झालेली प्रत कोणाच्याच जबाबदारीची नसते. इतिहासाच्या दृष्टीने तीच सोन्याची. यार्डात किती लाइन होत्या, त्यांची धारणक्षमता किती वाघिणींची, कोणत्या पॉइंटला कुठली चावी, रात्रपाळीत किती माणसे, जवळचे फाटक कोणाच्या ताब्यात, हे सगळे एका जागी तिच्यात आणि सोबतच्या सिग्नलच्या आराखड्यात मिळते. दर काही वर्षांच्या प्रती ओळीने लावल्या की स्टेशनाचा इतिहास वेगळा लिहायला नको. गाड्यांच्या नोंदवह्या आणि स्टेशन डायऱ्या ठराविक मुदतीनंतर नष्ट करायचा नियम आहे, तो असू द्या. प्रत्येक स्टेशनाची दर दशकातली एक वही तेवढी राखून ठेवा. सव्वीस जुलैसारख्या दिवशीच्या वह्या मात्र वेगळ्या काढाव्यात.

पुठ्ठ्याची तिकिटे लोक हौसेने जमवतात आणि त्यांत काही गैर नाही. भायखळ्याच्या छापखान्यातून ती यायची, आणि खिडकीवरच्या यंत्रात दाबून तारीख उमटवली जायची. संशोधनाला त्यांचा उपयोग एवढाच की एखाद्या स्टेशनावरून कुठकुठली तिकिटे छापून ठेवावी लागत होती ते कळते. छापील तिकीट ठेवायचे तर त्या दोन स्टेशनांमध्ये रोजची ये-जा हवी. एरवी कोरे तिकीट हाताने भरून दिले जाई. वासिंदहून कोणकोणत्या गावांची छापील तिकिटे होती याची यादी केली तर बाजार, नाती आणि नोकऱ्या कुठे होत्या ते आपोआप समोर येईल.

रेल्वेबाहेरही कागद आहेत, आणि इथे ग्रामपंचायतींचे काम सुरू होते. भूमी अभिलेख कार्यालयात गावाचे जुने नकाशे आणि टिपणे मिळतात. रेल्वेची हद्द कोणत्या गट क्रमांकांतून गेली आणि कोणाची जमीन गेली ते फेरफार नोंदींवरून लावता येते. ग्रामपंचायतीच्या ठराव पुस्तकांत ‘अमुक गाडी थांबावी’, ‘पूल व्हावा’ असे ठराव सापडतील. दर्जा बदलल्याची चौथी तारीख त्यांच्यावरूनच पकडता येते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये त्या काळातल्या रेल्वेची माहिती आहे. तिथे आणि त्याहून जुन्या इंग्रजी कागदांत शोधताना आजच्या वर्णाक्षरांवर विसंबू नये. ठाण्याचे ‘टॅना’, कल्याणचे ‘कॅलियन’ अशी रूपे ध्यानात ठेवून पान न् पान चाळावे. संगणकाच्या शोधाला ती सापडत नाहीत.

जुनी वेळापत्रके हाताळणाऱ्यांसाठी एक सूचना. १९०५ पर्यंत रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत होती. मद्रासची वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ९ मिनिटे मागे आणि मुंबईच्या स्थानिक वेळेच्या अर्धा तास पुढे होती. मुंबई शहरात तर काही ठिकाणी स्थानिक वेळ १९५५ पर्यंत पाळली जात होती. त्यामुळे वर्तमानपत्रातली वेळ आणि वेळापत्रकातली वेळ यांत अर्ध्या तासाचा फरक पडला, तर गाडी उशिरा आली असे लिहू नये. पूर्वी या चुकीवर बरेच लेख उभे राहिले आहेत.

सिग्नलच्या जुन्या सामानाबद्दल थोडक्यात. खांबावर हलता हात असलेले सिग्नल, ते हलवणाऱ्या तारा, केबिनमधली लिव्हरची रांग या मार्गावरून गेले. जिथे सांगाडा किंवा केबिनची इमारत उरली आहे तिथे लिव्हरचे क्रमांक आणि त्यांच्या पट्ट्यांवरचा मजकूर आधी उतरवावा, मगच तोडावे. उन्हाळ्यात तार लांबते आणि हात अर्धवट पडतो, म्हणून केबिनमध्ये तार ताणायची सोय असे. तार तुटली तर हात वजनाने आपोआप आडवा, म्हणजे धोक्याच्या स्थितीत जाई. सिग्नलच्या चष्म्यातली (दिव्यापुढच्या रंगीत काचांच्या चौकटीतली) ‘हिरवी’ काच हातात घेतली तर निळसर दिसते. रॉकेलची ज्योत पिवळी असल्याने निळसर काचेतून ती हिरवी दिसायची. अशी काच सापडली तर ‘रंग उडालेली’ म्हणून फेकू नये. शेजारच्या स्टेशनाशी बोलणाऱ्या ब्लॉक यंत्राच्या घंटेचे ठोके अजून निवृत्त मास्तरांच्या बोटांत आहेत: एक म्हणजे लक्ष द्या, दोन म्हणजे लाइन क्लिअर आहे का, तीन म्हणजे गाडी सेक्शनमध्ये शिरली, चार म्हणजे बाहेर पडली, आणि सहा पडले तर पुढे धोका. जुने यंत्र चालू स्थितीत आहे तोवर त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करायला दहा मिनिटे लागतात.

कसाऱ्याचा स्वतंत्र विचार करावा, ते नुसते गावाचे स्टेशन नाही. इथून इगतपुरीपर्यंतच्या सुमारे १४ किलोमीटरच्या घाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे आणि तो चढायला गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिने लागतात. १९३० च्या सुमारास इथे १५०० व्होल्टची डीसी वीज आली, तिच्यासाठी ठाकुर्लीला चोळा वीजघर उभे राहिले, आणि पुढे २५,००० व्होल्टच्या एसी विजेने तिची जागा घेतली. डीसी काळातले जाळीदार खांब आणि कमानी कुठे कुठे उरल्या आहेत त्यांची किलोमीटरवार यादी करावी, कारण मार्गिका वाढताना त्यांची पाळी पहिली येते. आता पुढे-मागे दोन्हीकडे इंजिन असलेली राजधानी आणि फेब्रुवारी २०२३ पासूनची शिर्डी वंदे भारत बँकरशिवाय घाट चढतात. बँकर जोडणे-सोडणे, ब्रेकची तपासणी, पुढच्या आणि मागच्या चालकांमधल्या शिट्ट्यांच्या खुणा हे सगळे रोज कसाऱ्याच्या यार्डात घडते, म्हणून कोणाला त्यात टिपण्यासारखे काही वाटत नाही. पाच-दहा वर्षांत वाटेल. चलचित्र आत्ताच घ्या.

माणसांच्या आठवणी घेताना साल विचारू नये. साल कोणालाच आठवत नाही आणि विचारले की माणूस काहीतरी सांगून टाकतो. घटनेला जोडून विचारावे: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, मे १९७४ च्या संपात तुम्ही कुठे होतात, २००५ च्या पुरात पाणी कुठवर आले. हमाल, गँगचे मुकादम, सांधेवाले आणि चहावाले यांना अधिकाऱ्यांच्या आधी गाठावे. गवताच्या गठड्या, लाकूड, दूध, भाजी कुठल्या सायडिंगला आणि कोणत्या गाडीला चढत होती हे त्यांनाच ठाऊक असते. पुराची पातळी सांगितली की लगेच भिंतीवर खूण करून रुळाच्या पातळीपासून मोजावी. बदलापूर-वांगणीच्या बाजूलाही हे करण्यासारखे आहे. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस तिथेच पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. पाणी कुठवर चढले होते याची कायमची खूण पुढच्या अभियंत्याच्या कामाची आहे.

प्रत्यक्ष मोजणीत काय बिघडते तेही सांगतो. पोलादी फीता यार्डात नेऊच नये. ट्रॅक सर्किट (रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणारी यंत्रणा) असलेल्या जागी तो दोन्ही रुळांवर आडवा पडला तर सर्किटला गाडी उभी आहे असे वाटते आणि सिग्नल लाल होतो. शिवाय वर २५,००० व्होल्टची तार आहे आणि तिच्यापासून माणसाने आणि हातातल्या वस्तूने किमान २ मीटर दूर राहायचे असते. तंतूचा ३० मीटरचा फीता, लेसर मापक, ओळंबा आणि रंगीत पट्ट्यांची लाकडी काठी पुरे. छत्रीसुद्धा नको. प्लॅटफॉर्मखाली उतरायचे ते विभागाच्या परवानगीने, ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून दिलेली कामाची वेळ, मिळाल्यावर आणि शिट्टी-झेंडी घेतलेला माणूस दोन्ही दिशांना उभा करूनच. झिजलेली अक्षरे दुपारी वाचू नयेत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड पडला की ती आपोआप उठतात. खडूने अक्षरे भरणे, आम्लाने दगड धुणे, वाळूचा फवारा मारणे हे प्रकार बंद व्हावेत. प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी असावी आणि ते कोणत्या दिशेने घेतले ते लिहावे. भिंतीवरच्या रंगाचे थर कोपऱ्यात पायरीपायरीने खरवडून पाहिले की स्टेशनाचा मूळ रंग कळतो. त्याला हाताएवढी जागा लागते.

जी इमारत ठेवायची ठरेल तिच्यावर कृपा करून सिमेंटची दर्जभरणी करू नये. काळ्या दगडाच्या जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट सोडू देत नाही. आपल्याकडच्या पावसात सांध्यांवर सिमेंट बसले की पाणी आत अडकते, आतला चुना भुसभुशीत होतो आणि पाच-सात पावसाळ्यांत भिंत फुगते. चुन्याचा एक भाग आणि वाळूचे अडीच-तीन भाग, सांधा दोन सेंटिमीटर खोल मोकळा करून, ओला करून, आणि काम पावसाळा संपल्यावर. वर तैलरंग नको, ग्रॅनाइटच्या फरश्या तर नकोच.

सुशोभीकरणाबद्दल एक स्पष्ट मत. इंजिनाचे चाक रंगवून फाटकाजवळ ठेवले आणि भिंतीवर वाफेचे इंजिन काढले की वारसा जपला, ही समजूत खर्चिक आहे. ते चाक बहुतेक वेळा या मार्गावरचे नसते आणि ते कुठून आले हे दुसऱ्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही. त्या पैशात दोन स्टेशनांची पूर्ण नोंद होते.

वस्तूंसाठी एकच गाळणी पुरेल. स्टेशनावरची निकामी वस्तू भांडारात परत जाते ती डीएस-८ च्या कागदावर. तो भरताना वस्तूवर जीआयपीची अक्षरे, कारखान्याचे नाव किंवा १९५१ पूर्वीचे साल आहे का, एवढी एक ओळ भरायला लावावी. ‘होय’ असेल तर ती वस्तू लिलावाच्या ढिगात न जाता आधी छायाचित्र काढून विभागाच्या वारसा कक्षाला कळवावी. सगळ्याच वस्तू ठेवता येणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. कोणती वस्तू कुठल्या स्टेशनाच्या कोणत्या खोलीतून निघाली हे लिहिलेले असले की विकली गेली तरी माहिती उरते.

फलकाचा मजकूर चार तारखांचा असावा आणि प्रत्येक तारखेपुढे ती कशावरून ठरवली ते लिहावे: नकाशा, कामकाजाचे नियम, कौलावरचा ठसा, ठराव. जी तारीख सापडत नाही तिथे जागा कोरी ठेवावी. तिथे अंदाजाचे साल टाकले की दहा वर्षांत तेच सरकारी पुस्तिकेत जाते आणि मग काढता येत नाही.

सुरुवात वासिंदपासून व्हावी, कारण टर्मिनस म्हणून त्याचे महत्त्व सर्वात जास्त आणि दोन्ही नव्या मार्गिका त्याच्या यार्डातून जाणार. त्यानंतर कसारा, मग आसनगाव. आटगाव आणि खर्डी एकाच फेरीत होतील. मोऱ्यांचे काम ऑक्टोबर ते मे या महिन्यांतच करावे, पावसाळ्यात त्यांच्याखाली जाता येत नाही. प्रत्येक स्टेशनाच्या नोंदीच्या तीन प्रती कराव्यात: एक विभागाकडे, एक संबंधित ग्रामपंचायतीकडे आणि एक शहापूरच्या सार्वजनिक वाचनालयात. मोजणीच्या आणि वाचनाच्या कामाला आम्ही विनामोबदला येऊ. परवानगी, ब्लॉक आणि लँड प्लॅनची प्रत आपल्याकडून हवी.

आपले,
ठाण्यातील रेल्वे इतिहासाचे काही अभ्यासक